पायंडल खाली गेलं

धाराशिवच्या मोटार स्टँडामागं कडुनिंबाच्या सावलीत वीरभद्र मिस्त्रीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रे आणि खाली वीरभद्र. निजामाच्या राजवटीत तो हैदराबादेला मोटारीचं काम शिकला, संस्थान विलीन झालं तसा गावी परतला, आणि तेव्हापासून ‘मला कळलं न्हाय’ हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. गाडी आवारात शिरायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून तो तिचा आजार सांगायचा. बहुतेक वेळा तो खरा निघायचा. नाही निघाला तर निघेपर्यंत वीरभद्र गाडी सोडायचा नाही. शेवटी गाडीच कंटाळून कबूल व्हायची.

त्या साली दिवाळी सरल्यावर खात्याची जीप बैलांनी ओढत त्याच्या दारात आणली. खात्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. पुढं ते दुसऱ्या एका खात्यात विलीन झालं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. जीप मात्र सगळा मुलूख ओळखत होता. लढाईतली अमेरिकन जीप. वरून सरकारी रंग दिलेला, तरी उन्हं तिरपी झाली की बॉनेटवरची पांढरी चांदणी रंगाखालून वर यायची. धाकटा गिअर टाकला की चारही चाकं ओढायची, आणि तेरला नदीच्या वाळूत बैलगाड्या रुतून बसलेल्या असताना ही आपली त्यांच्यामधून घुरघुरत निघून जायची.

आता ती एका अंगानं चेपली होती. तुळजापूरच्या खालच्या घाटात ती कठड्यावर आदळून उलटली. आत बसलेले खात्याचे वसंतराव साहेब जागच्या जागी गेले. ड्रायव्हर गुंडाप्पा बाहेर फेकला जाऊन तरवडाच्या झुडपात पडला. त्याचा एक हात मोडला आणि बाकीचा गुंडाप्पा पोलिसांनी नेला.

गुंडाप्पा एकच सांगत होता, “पायंडल खाली गेलं.” ब्रेकचं पायंडल तळाला टेकलं, हातब्रेक ओढला तर तो मुळासकट हातात आला, आणि पायंडल दुसऱ्यांदा दाबायला पुढं रस्ता उरला नव्हता.

पायंडल खरंच खाली जातं का हे बघायला मोटारी तपासणारे साहेब बाहेरगावाहून आले. त्यांनी स्टँडावरच्या हमालांना जीप ढकलायला लावली, स्वतः आत बसले आणि ब्रेकवर लाथ मारली. जीप जागच्या जागी थांबली. ढकलणारे हमाल तिच्यावर आदळले. साहेबांनी आणखी एकदा ढकलायला लावली, आणखी एक लाथ मारली. सरकारी माणूस वस्तूची परीक्षा लाथेनंच घेतो, आणि वस्तूही अशा वेळी शहाण्यासारखी वागते. साहेबांनी निकाल दिला, की ब्रेक ठीक आहे. ब्रेक ठीक म्हणजे ड्रायव्हर ठीक नव्हता. गुंडाप्पावर हयगयीनं माणूस मारल्याचा खटला उभा राहिला.

निकाल ऐकून वीरभद्राला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच जीपच्या ब्रेकात चैत्रात त्यानं स्वतःच्या हातानं नवी रबरं बसवली होती. ब्रेक ठीक म्हणजे वीरभद्रही ठीक.

चार दिवसांनी गुंडाप्पाची बायको गजराबाई येऊन कडुनिंबाखाली बसली. वीरभद्रानं तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली, तरी ती बसलेलीच.

“काय गं पोरी?”

“मालक म्हणतेत, पायंडल खाली गेलं.”

“साहेब म्हणतेत, जात न्हाय.”

“तुमी काय म्हणताव?”

ह्या प्रश्नापुढं वीरभद्राचा नाइलाज असायचा. तो उठला, जीपमध्ये चढला आणि साहेबांसारखीच लाथ मारली. पायंडल दगडासारखं घट्ट. पुन्हा मारली. घट्ट.

“बघ. आता काय म्हणावं?”

गजराबाई बघत होती. म्हणाली, “असं न्हाय मारीत ते.”

“काय न्हाय मारीत?”

“लाथ. ते पाय ठेवतेत. हळू. घरी खाटंवर बसले तरी खाटंचा खूर पायानं दाबीत ऱ्हातेत. लगीन झालं तवा मला वाटलं, ह्यास्नी पायाचा रोग हाय. मागून कळलं, नोकरी हाय.”

वीरभद्र हसला. मग हसता हसता थांबला, कारण ती बरोबर बोलत होती. घाट उतरणारा शहाणा ड्रायव्हर लाथ मारत नाही. पाय ठेवतो आणि ठेवूनच राहतो. त्यानं चप्पल काढली, पायंडलावर पाऊल ठेवलं आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवावा तसा अलगद भार दिला. पायंडल जरा वेळ थांबलं. मग त्याच्या पायाखालून, कसलाही आवाज न करता, गाळात काठी जावी तसं खाली खाली गेलं आणि तळाला टेकलं.

त्यानं पाय उचलला. लाथ मारली. घट्ट. पाय ठेवला. गेलं.

“गेलं का?” गजराबाईनं विचारलं.

“गप बस,” वीरभद्र म्हणाला.

त्या दिवशी दुसरं काम त्यानं घेतलं नाही. पायंडल मऊ पडतं ते तीन कारणांनी: कुठून तरी तेल बाहेर झिरपतं, नळीत हवा शिरलेली असते, नाहीतर मास्टरमधली रबरं दगा देतात. मास्टर म्हणजे ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याच्या झाकणाआड बसलेलं लोखंडी नळकांडं; पायाचा दाब तेलावर घालून तो चारी चाकांना पोचवतं. वीरभद्रानं आधी तेल बाहेर पडतंय असं मनाशी ठरवलं, कारण त्यात त्याचा दोष सगळ्यात कमी होता. चारी चाकं काढली, ड्रम उघडले. आत उन्हाळ्यातल्या बारवेसारखं कोरडं. नळ्यांवर बोट फिरवत तो पोटावर सरपटत इकडून तिकडं गेला. धुळीशिवाय काही हाताला लागलं नाही.

मग हवा. हवा काढायला दोन माणसं लागतात, एक चाकाशी आणि एक पायंडलावर. पायंडलावर गजराबाई बसली. बसण्याआधी तिनं पायंडलाला हात लावून नमस्कार केला.

“दाब.”

ती दाबायची.

“धरून ठेव. आता सोड. दाब.”

“मिस्त्री, ह्याच्यावरच मालकांचा पाय व्हता?”

“दाब म्हनलं ना.”

चाकामागं हवा सोडायचं निपल असतं, त्यातून तेल आलं, सरळ धार, एकही बुडबुडा नाही. हवा नव्हती. चारी चाकांना तेच. शेवटच्या चाकाशी धार त्याच्या हातावर सांडली, आणि हात पुसण्याआधी त्याला भूक लागली. भर दुपारी, दोन भाकरी खाऊन झालेल्या माणसाला भूक का लागावी? त्यानं हात नाकाशी नेला. ब्रेक ऑइलचा वास दवाखान्यासारखा असतो. ह्या तेलाला त्या वासाच्या खाली दुसरा एक वास होता, फोडणीच्या आधी कढईतून येतो तो.

“तू डबा आणलाय का गं?”

“न्हाय की.”

वीरभद्रानं पत्र्याचं झाकण काढलं, मास्टर खाली उतरवला आणि उघडला. चैत्रात बसवलेली रबरं बाहेर आली. ती रबरं राहिली नव्हती. बोराएवढ्या टणक काळ्या वाट्या त्यानं बसवल्या होत्या. आता त्या रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यासारख्या फुगल्या होत्या, आणि काठ लुळे पडले होते. फडताळातून त्यानं नवी वाटी काढून शेजारी ठेवली. ही एका जातीची, ती दुसऱ्या. झटक्यानं दाबलं की लुळा काठ नळकांड्याला चिकटून तेल अडवत असणार, आणि हळू दाबलं की तेल त्याच्या कडेनं चोरासारखं मागं जात असणार. लाथ मारणाऱ्याला ब्रेक, पाय ठेवणाऱ्याला घाट.

रबर असं फुगतं ते खायच्या तेलानं. हैदराबादेत उस्तादानं पहिल्याच आठवड्यात कानशिलात देऊन शिकवलेली ही गोष्ट होती.

“कळलं का काय?” गजराबाईनं विचारलं.

“कळलं,” वीरभद्र म्हणाला. “तुझा नवरा सुटतोय.”

फुगलेली वाटी त्यानं तंबाखूच्या डबीत ठेवली आणि नवी तिच्याशेजारी. कोर्टात दोन्ही टेबलावर मांडायच्या आणि आपण जरा बाजूला उभं राहायचं, इथपर्यंत त्यानं ठरवून टाकलं होतं. राहिलं एवढंच, की ते तेल घातलं कुणी.

दुसऱ्या दिवशी तो कोठडीत गुंडाप्पाला भेटला. गुंडाप्पा मोडका हात गळ्यात बांधून भिंतीला टेकला होता.

“या मिस्त्री, बसा. जागा लई हाय, निस्तं उठून जाता येत न्हाय.”

“ब्रेकातलं तेल कमी झालतं का रे मधी?”

“जरासं. खंडेनवमीला गाडी धुतली तवा बगितलं. वाटीभर जागा रिकामी व्हती.”

“मग माझ्याकडं का न्हाय आलास?”

गुंडाप्पाचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला. “तुमच्याकडं कामून येऊ? आईचं तेल घातलं.”

“कुठल्या आईचं?”

“आईचं म्हणजे आईचं. बाईसाहेबांच्या घटापुढल्या दिव्यातलं.”

आणि त्यानं सगळं सांगितलं. साहेबांचं कुटुंब, चंद्रप्रभाबाई, तुळजापूरच्या पुजाऱ्याघरच्या. नवरात्रात त्यांच्या घरी घटापुढं दिवा अखंड असतो, आणि घट उठताना समईत उरलेलं तेल घरातल्या लेकरांच्या टाळूला लावायची रीत असते. बाईसाहेबांना लेकरू नव्हतं. जीप होती. नवरा रोज त्या जीपमधून घाट चढायचा-उतरायचा.

“मला म्हनल्या, गुंडाप्पा, गाडीचा जीव कशात असतो? म्या म्हनलं, बाईसाहेब, गाडीचा इंजनात असंल, पर माणसाचा ब्रेकात असतो. मंग म्या झाकण उघडलं, आन् त्यांनी सोताच्या हातानं तेल वतलं. थेंब सांडला न्हाय, मिस्त्री.”

वीरभद्रानं खिशातली तंबाखूची डबी चाचपली.

“म्हनून तर वाचलो,” गुंडाप्पा म्हणाला. “गाडीचा चेंदा झाला बगा. मला तरवडानं न्हाय झेललं. आईनं झेललं.”

“आन् साहेब?”

गुंडाप्पानं गजांकडं बघितलं. “त्यांचं भरलं असंल,” तो हळू म्हणाला. मग विचारलं, “काय घावलं का तुमाला?”

“बघायलोय,” वीरभद्र म्हणाला आणि उठला.

परत येताना त्याची चाल मंदावली होती. खरं सांगितलं तर गुंडाप्पा सुटत होता. पण मग कोर्टात प्रश्न येणार, तेल कोणतं, आणि कुणी ओतलं. आणि साऱ्या तालुक्यासमोर एका बाईला उत्तर द्यावं लागणार होतं, की नवऱ्याच्या जिवासाठी घातलेलं तेल मी घातलं, स्वतःच्या हातानं, थेंबही न सांडता. काहीच न बोलावं, तर गुंडाप्पा जात होता. मधली एक वाट होती. ती वीरभद्राला दिसली होती आणि तो तिच्याकडं बघत नव्हता.

कारखान्यात पोचला तर चंद्रप्रभाबाई जीपजवळ उभ्या होत्या. पांढऱ्या कपाळाकडं त्याला बघवलं नाही. त्या चेपलेल्या बाजूला वाकून सीटखाली काही शोधत होत्या.

“ह्यांच्या चष्म्याचं घर,” त्या म्हणाल्या. “चष्मा मिळाला. घर मिळालं नाही.”

वीरभद्रानं ते शोधून दिलं. सीटमागच्या फटीत अडकलं होतं. त्यांनी पदरानं पुसलं, उघडलं, मिटलं.

“मिस्त्री, गुंडाप्पाचा दोष असेल असं मला वाटत नाही. आईनं त्याला ठेवलंय, तर काहीतरी बघूनच ठेवलं असेल.” त्या थांबल्या. “तुम्ही गाडी उघडलीत, असं गजरा सांगत होती. काय सापडलं?”

“म्हणजे तसं... मोटारीचं काय, बाईसाहेब—”

“मला मोटारीतलं कळत नाही. एवढंच सांगा, कुणाच्या हातून झालं? कुणाच्या तरी हातून झालंच असेल ना. ते कळलं तर मला रात्री डोळा तरी लागेल. मी वाईट बोलणार नाही.”

चष्म्याचं घर धरलेल्या त्यांच्या हातांकडं वीरभद्र बघत होता. हात लहान होते. बोटं सारखी ते घर उघडत होती, मिटत होती.

“माझ्या,” तो म्हणाला.

“काय?”

“माझ्या हातून. चैत्रात रबर बसवलं, ते हलकं निघालं.”

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. वाईट बोलणार नाही असं म्हणाल्या होत्या, तशा काही बोलल्या नाहीत. पायातल्या वहाणा सावरून फाटकापर्यंत गेल्या, तिथून मागं वळल्या आणि आवारात थुंकल्या.

त्या रात्री त्यांना डोळा लागला असावा. वीरभद्राला लागला नाही.

कोर्टात त्यानं तेच सांगितलं. डबी घरी ठेवली होती. लाथ मारून आणि पाय ठेवून दोन्ही प्रकार कसे वेगळे पडतात ते समजावलं, आणि रबर हलक्या जातीचं होतं असं सांगून मोकळा झाला. सरकारी वकिलानं विचारलं, “हैदराबादेला शिकलेले म्हणता, मग रबर हलकं आहे हे बसवताना कळलं नाही?”

वीरभद्रानं टोपी काढली, पुन्हा घातली.

“मला कळलं न्हाय,” तो म्हणाला.

मागं बसलेले स्टँडावरचे लोक एकमेकांकडं बघू लागले. गुंडाप्पा सुटल्याचं त्यांना तितकं नवल वाटलं नाही.

वीरभद्रावर खटला भरला नाही. खात्याच्या लेखी त्याच्या कामाला तेवढी किंमत नव्हती. फक्त सरकारी गाडीला हात लावायची त्याला मनाई झाली. मग खाजगी गाड्याही येईनाशा झाल्या. माणसं स्वभावानं वाईट नव्हती. रस्त्यात भेटली की अगत्यानं चौकशी करायची आणि गाडी बार्शीला न्यायची. वर्षभर तो पाण्याची इंजिनं आणि पिठाच्या गिरण्या दुरुस्त करत राहिला. त्यांना ब्रेक नसतात.

जीप बाहेरगावाहून नीट होऊन आली. गुंडाप्पा पुन्हा तिच्यावर बसला. चंद्रप्रभाबाईंना खात्यानं नोकरी दिली. साहेबांची जागा साहेबांचीच असल्यामुळं ती दिली नाही; ग्रामसेविकेची दिली. बिनधुराची चूल कशी घालावी हे सांगत त्या त्याच जीपमधून बेंबळीला, तेरला, सगळीकडं फिरायच्या. कारखान्यावरून जाताना मान दुसरीकडं वळवायच्या. गावोगावच्या बायका चुलीचं विसरायच्या, पण मोटारीचा तो मिस्त्री बाईंचा माणूस कसा खाऊन बसला ते लक्षात ठेवायच्या.

पुढच्या नवरात्रात, आठव्या माळेला गजराबाई आली. ती मधूनमधून यायची; वीरभद्राचं बोलणं ऐकून घेणारं तेवढं एकच गिऱ्हाईक उरलं होतं. तिनं भाजलेल्या शेंगा ठेवल्या.

“मालक उद्या गाडी धुणार हायेत. खंडेनवमी.”

“धुवू दे की.”

“बाईसाहेबांनी औंदाबी तेल ठेवलंय. आईनं मालकास्नी वाचवलं म्हनतेत, मंग औंदा चुकवायचं कसं? बाईसाहेब सोता वतणार न्हाईत आता. मला वतायला सांगितलंय. सवाष्णीच्या हातानं.” तिनं शेंग फोडली. “काय झालं, मिस्त्री?”

वीरभद्राचा घास तोंडातच राहिला होता. वर्षभर त्यानं खोटं सांभाळलं होतं. माणसाची अब्रू सांभाळता सांभाळता ते तेल तसंच राहिलं होतं, पुढच्या घाटासाठी, हे त्या दीडशहाण्याला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खात्याच्या आवारात शिरला. सरकारी गाडीजवळ जायची त्याला मनाई होती, पण फाटकावरचा शिपाई झेंडूच्या माळा करण्यात गुंतला होता. जीप धुऊन उभी होती. बॉनेटवर हळदीकुंकू, चाकांखाली लिंबं. ड्रायव्हरच्या पायाखालचं झाकण उघडून गुंडाप्पा बाजूला झाला होता. गजराबाई पितळी वाटी घेऊन वाकली होती. चंद्रप्रभाबाई दूर व्हरांड्याच्या खांबाशी उभ्या होत्या, ह्या कामात आपला वारा लागू नये इतक्या दूर.

“थांब!” वीरभद्र ओरडला.

सगळे वळले. बाईंचा चेहरा पांढरा पडला. “ह्यांना आत कुणी सोडलं?”

वाटेत येताना वीरभद्रानं एक युक्ती जुळवली होती. रबराचं काढायचं नाही. रीतीला रीत लावायची. तो हात जोडून म्हणाला, “बाईसाहेब, म्या अडाणी माणूस. पर आईचं तेल हिथं घालू नये. हे झाकण ड्रायव्हरच्या पायाखाली हाय. त्याचा पाय रोज तेलावर पडणार. आईच्या तेलावर पाय! पाप लागंल. दिव्यांना लावा म्होरच्या, बॉनेटला लावा. पायाखाली नगं.”

युक्ती चांगली होती. गुंडाप्पा लगेच झाकणापासून मागं सरला आणि स्वतःच्या पायाकडं बघू लागला. गजराबाईनं वाटी छातीशी धरली. वीरभद्राला वाटलं, जमलं.

चंद्रप्रभाबाई व्हरांड्यातून खाली उतरल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्या त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

“पाप लागेल,” त्या म्हणाल्या.

“व्हय, म्हणजे, थोरामोठ्यांचं म्हणणं...”

“गेल्या वर्षी मीच ओतलं होतं. इथंच. पायाखाली.” शब्द एकेक करून येत होते. “म्हणून आईनं ह्यांना...”

“न्हाय, न्हाय!”

“पाप मी केलं आणि फेडलं ह्यांनी.”

वीरभद्रानं सबंध आयुष्यात पुष्कळ गाड्या बिघडवून दुरुस्त केल्या होत्या, पण इतक्या झटपट काही बिघडलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं खिशातून तंबाखूची डबी काढली. तळव्यावर दोन्ही वाट्या ठेवल्या, लहान टणक आणि फुगलेली लुळी.

“पाप न्हाय, बाईसाहेब. आईचा कोप न्हाय. हे बघा. हे रबर हाय. ब्रेकाच्या तेलात असं ऱ्हातं, आन् खायच्या तेलात असं व्हतं. आईचं असो का तेल्याचं असो, रबराला वळख न्हाय. हे फुगलं म्हणून पायंडल खाली गेलं. बस. येवढंच.”

गुंडाप्पानं विचारलं, “मंग म्या कसा वाचलो?”

“बाहेर पडलास म्हणून.”

गुंडाप्पा जीपच्या पायरीवर बसला. आईनं झेललं म्हणून वर्षभर तो गावागावांत सांगत फिरला होता.

चंद्रप्रभाबाईंनी फुगलेली वाटी उचलली, बोटांमध्ये दाबली. ती दबली, सुटली, पुन्हा दबली.

“तुमचं रबर हलकं नव्हतं.”

“चांगलं व्हतं,” वीरभद्र म्हणाला, आणि त्याही वेळी त्याच्या आवाजात जरा ताठा आला.

“मी तुम्हाला गावोगाव...”

“त्याचं काय. सवय झाली.”

“आईचा ह्यात काही संबंध नाही म्हणता?”

“अजिबात न्हाय. आईची आण घेतो.” आपण बाईच्या मनावरचा भार उतरवतोय असं त्याला खरंच वाटत होतं. “कुणाचाच न्हाय. निस्तं तेल आन् रबर.”

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, “आईची मर्जी होती म्हणून वर्षभर जगले, मिस्त्री. तीही नव्हती म्हणता. म्हणजे मग माझ्या एकटीचंच.”

वीरभद्रानं हातात उरलेली नवी वाटी डबीत ठेवली. मोटारीच्या विद्येत ह्याच्यापुढं काही नसतं.

बाईंनी गजराबाईच्या हातातली तेलाची वाटी घेतली. मग, घरची रीत आठवली असावी, ती वाटी पुन्हा तिच्यापुढं धरली. “तुझ्या लेकरांच्या टाळूला लाव.”

गजराबाई पुढं झाली नाही. अर्धं पाऊल मागं गेली, आणि आपण मागं गेलो हे कळून तिनं खाली मान घातली.

वीरभद्रानं टोपी काढली. डोक्यावर एक केस नव्हता. तो वाकला आणि डोकं पुढं केलं. “मला लावा, बाईसाहेब. ह्यात काय फुगण्यासारखं उरलं न्हाय.”

बाईंनी त्या टकलाकडं बघितलं. वाटी बॉनेटवर ठेवली, हळदीकुंकवाशेजारी. रबर सोबत बाळगलेल्या चष्म्याच्या घरात घातलं, घर मिटलं, आणि जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

“गुंडाप्पा, निघू या. तेरला बायका खोळंबल्या असतील.”

गुंडाप्पानं झाकण लावलं. इंजिन चालू झालं तसं वाटीतलं तेल शहारलं आणि काठापर्यंत आलं. सांडायच्या आत गजराबाईनं धावत जाऊन वाटी उचलली. लिंबं चिरडत जीप निघाली. फाटकाशी गुंडाप्पानं पायंडलावर पाय ठेवला, हळू, नेहमीसारखा. मागचा तांबडा दिवा लागला. पायंडल जागच्या जागी राहिलं. तरी त्यानं पाय उचलून पुन्हा ठेवला, आणि पुन्हा.

वीरभद्र टोपी हातात धरून अजून तसाच थोडा वाकलेला उभा होता. गजराबाई दोन्ही हातांनी वाटी धरून, अंगापासून जरा लांब, आवाराकडं बघत होती: झेंडूकडं, आडाकडं, तुळशीकडं. ते तेल आता कुठं ओतायचं, हे तिला कुणी सांगून गेलं नव्हतं.